पडका किल्ला, तीन रंग

उतारवयात जलरंग हाती घ्यावेत असे पुष्कळांच्या मनात येते आणि चोवीस वड्यांची रंगपेटी उघडताच तो उत्साह मावळतो. कोणता रंग घ्यावा ते उमगत नाही. हाताला कंप असेल तर सरळ रेषेची धास्ती वेगळीच. अशांसाठी या वेळी विषय सुचवावासा वाटतो तो वसईच्या किल्ल्याचा, आणि तोही अवघ्या तीन रंगांत.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या या किल्ल्यात आज छप्पर हरपलेल्या भिंती, रित्या कमानी आणि चिऱ्यांच्या फटींतून वाढलेली झाडे दिसतात. नव्या इमारतीच्या चित्रात थरथरलेली रेघ खुपते. येथे तीच रेघ ढासळलेल्या भिंतीची कड होते. प्रत्यक्ष जाणे झेपत नसेल तर सकाळच्या तिरप्या उन्हातील एखादे मोठे छायाचित्र पुरेसे आहे.

तीनच रंग का? वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळसर होते. मग गडद निळा काळ्यासारखा भासतो, निळ्या-हिरव्यातील भेद पुसट होतो. मोतीबिंदूने ग्रासलेल्या क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारास नळ्यांवरील नावे आणि रंगपाटीवरील ठरलेला क्रम यांवर विसंबावे लागे. १९२३ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. आपणही अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर नेहमी याच क्रमाने मांडावेत व शेजारी ठळक अक्षरांत नावे लिहावीत. निळा आणि सिएना मिसळले की दगडाचा करडा मिळतो, निळा आणि ऑकर मिळून झाडीचा मळकट हिरवा. पांढरा रंग नकोच. ते काम कोरा कागद करतो.

आरंभी डोळे किलकिले करून छायाचित्र पाहावे. तपशील विरघळतात आणि उजेड व सावली एवढेच उरते. चित्र त्याचेच काढावयाचे आहे. आकाशाला पातळ निळा, भिंतीला ऑकरमध्ये किंचित सिएना मिसळून फिकट थर द्यावा. तो पूर्ण वाळू द्यावा. मगच कमानीतला अंधार निळा-सिएना दाट कालवून एका दमात भरावा. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना तो थोडा जास्तच गडद दिसला पाहिजे. भिंतीतला एकेक चिरा रंगविण्याचा मोह टाळावा, पाच-सहा पुरेत.

कोपरापासूनचा हात मेजावर टेकलेला असावा आणि ब्रशच्या दांड्यावर कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड करावा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी उजेड डावीकडून घ्यावा. पार्किन्सन्सचे रुग्ण असतील तर औषधाचा प्रभाव चांगला असतो ती वेळ निवडावी.

शुश्रूषा करणाऱ्यांना दोन शब्द. रंगाचे पाणी पिण्याच्या पेल्यात कधीही ठेवू नये. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती ते सहज ओठांना लावते. पाणी बदलावे, कागद चिकटवून द्यावा, पण ब्रश आपल्या हाती घेऊ नये. ‘आजी, इथे मी जरा नीट करून देऊ का?’ हे वाक्य प्रेमाचे असते खरे, पण त्यानंतर ते चित्र आजींचे राहत नाही. वाकडी कमान वाकडीच राहू द्यावी.

एक गोष्ट मात्र दुर्लक्षू नये. दाराची चौकट किंवा खिडकीचे गज नागमोडी दिसू लागले, तर नेत्रतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे. पडक्या भिंतीकडे पाहून हा दोष ध्यानी येणार नाही. म्हणून अधूनमधून एकेक डोळा झाकून घरातील चौकटीकडेच पाहावे.

पहिले चित्र वाळले की पुढल्या खेपेस विषय बदलू नये. तीच कमान, पण सायंकाळची. आकाशात ऑकर, भिंतीवर सिएना अधिक, आणि निळा केवळ सावलीपुरता.