क्रियापदांना नावं ठेवणं थांबवा

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या कुणालाही विचारा. इंग्रजी क्रियापदांचे प्रकार त्याला पाठ असतात, निदान परीक्षेपर्यंत होते. ट्रान्झिटिव्ह, इन्ट्रान्झिटिव्ह, रेग्युलर, इर्रेग्युलर, मोडल, जिरंड, इन्फिनिटिव्ह. 'वाक्यातला इन्फिनिटिव्ह शोधा' म्हटलं की 'टू' दिसेल तिथे रेघ मारायची आणि एक गुण घ्यायचा. आता त्याच मुलाला सांगा, 'काल तू शाळेत का आला नाहीस?' हे इंग्रजीत विचार. उत्तर येतं, 'व्हाय यू डिड नॉट केम टू स्कूल?'

माझं भांडण या दोन गोष्टींमधल्या अंतराशी आहे. मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. म्हणजे आज दहावीत बसलेलं मूल दहा वर्षं ही भाषा शिकतंय. दहा वर्षांनी त्याला क्रियापदाचं नाव सांगता येतं आणि क्रियापद वापरता येत नाही. आपण मुलांना क्रियापदांना नावं ठेवायला शिकवलं. आणि ज्या एका गोष्टीच्या आधारे ती क्रियापदं त्यांची झाली असती, ती त्यांची मराठी, तिला वर्गाच्या दाराबाहेर चपलांशेजारी ठेवायला सांगितलं.

सकर्मक-अकर्मकापासून सुरुवात करू. फळ्यावर व्याख्या येते: ज्याला कर्म लागतं ते ट्रान्झिटिव्ह. मुलं ती उतरवून घेतात, जणू काही हा नवाच शोध आहे. पण मधल्या सुट्टीत तोच मुलगा काय बोलतो ते ऐका. 'मी आंबा खाल्ला.' 'मी चिंच खाल्ली.' 'मी केळं खाल्लं.' मुलगा असून तो 'खाल्ली' म्हणतो, कारण चिंच स्त्रीलिंगी. आणि पुढच्याच वाक्यात 'मी पळालो' म्हणतो, कारण तिथे कर्मच नाही, क्रियापद त्याच्याशीच जुळतं. मराठीत भूतकाळात बोलताना हे मूल पावलोपावली क्रियापद सकर्मक आहे की अकर्मक, याचा निवाडा करत असतं. त्याला अपवादसुद्धा येतात. 'मी डबा विसरलो', 'मी धडा शिकलो' ही वाक्यं कर्म असूनही वेगळी चालतात, आणि तो तिथे कधी अडखळत नाही. मोरो केशव दामल्यांनी १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त ज्या प्रयोगांची सविस्तर चर्चा केली, ते या मुलाच्या जिभेवर आहेत. (सोलापूरकडे 'मी काम केलो' म्हणतात. तिथल्या वर्गात हाच फरक चर्चेला घ्या. तास रंगेल.)

उलट इंग्रजीत 'आय एट' आणि 'आय रॅन' यांच्या रूपात असा काही फरक दिसत नाही. मग हा भेद इंग्रजीत लागतो कुठे? आपण म्हणतो 'सहलीबद्दल चर्चा केली', म्हणून मूल लिहितं 'वी डिस्कस्ड अबाउट द ट्रिप'. आपण म्हणतो 'पुण्याला पोचला', म्हणून लिहितं 'ही रीच्ड टू पुणे'. 'डिस्कस' आणि 'रीच' यांना कर्म थेट लागतं, मध्ये कुणी दलाल चालत नाही. सकर्मक हा शब्द इथे कामाचा आहे. पण परीक्षा हे विचारत नाही. ती विचारते, अधोरेखित क्रियापदाचा प्रकार ओळखा.

आता त्या 'डिड नॉट केम'कडे येऊ. कित्येक वर्गांत ही चूक लाल शाईने कापली जाते आणि नियम सांगितला जातो: 'डिड'नंतर पहिलं रूप. मूल नियम पाठ करतं आणि पुन्हा 'डिड नॉट केम' लिहितं. का, ते मराठीत बघितल्याशिवाय दिसत नाही. 'तू आलास' याचा नकार 'तू आला नाहीस'. भूतकाळ 'आला'मध्येच राहिला, नकार शेजारी येऊन बसला. 'डिड नॉट केम' ही या वाक्याची इमानदार नक्कल आहे. मुलाचं डोकं चाललेलं आहे, फक्त दुसऱ्या भाषेच्या रुळावर.

आणि उपायही मराठीतच आहे. वर्तमानकाळ घ्या. 'तू येतोस', नकार 'तू येत नाहीस'. 'ते येतात', नकार 'ते येत नाहीत'. 'येतोस'मधला 'स' कुठे गेला? उडी मारून 'नाही'वर बसला. मुख्य क्रियापद रिकामं झालं, 'येत' एवढंच उरलं. आता इंग्रजी बघा: 'शी कम्स', नकार 'शी डज नॉट कम'. 'कम्स'मधला 'स' उडी मारून 'डज'वर बसला. भूतकाळात 'केम'मधला भूतकाळ तसाच उडी मारून 'डिड'वर जातो. मराठी ही उडी वर्तमानात मारते, इंग्रजी वर्तमानात आणि भूतात दोन्हीकडे. सहाय्यक क्रियापद म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या भाषेत सांगता येतं असं मला वाटत नाही. पण हे सांगायला इंग्रजीच्या तासाला 'येत नाहीस' हे शब्द फळ्यावर लिहावे लागतात. माझ्या माहितीतल्या एका शाळेत त्या तासाला मराठी शब्द उच्चारला तर एक रुपया दंड होता.

अनियमित क्रियापदांचंही तेच. 'गो, वेन्ट, गॉन' हा तक्ता भिंतीवर टांगून घोकायला लावतात. मुलांना वाटतं, इंग्रजी ही वेडी भाषा आहे. त्यांना विचारा, 'जा'चा भूतकाळ काय? 'गेला'. 'जाला' का नाही? वर्ग हसतो आणि मग विचारात पडतो. 'ये' आणि 'आला', 'कर' आणि 'केला', 'मर' आणि 'मेला'. घरातलं लहान भावंडं 'मी करलं' म्हणतं तेव्हा आपण हसून 'केलं' म्हणतो, तक्ता टांगत नाही. 'वेन्ट' हे मुळात 'वेन्ड' या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप, 'गो'ने ते आपलंसं केलं. आपलं 'गेला'सुद्धा 'गत'वरून आलेलं, 'जा'च्या घरात राहायला आलेलं. दोन्ही भाषांत 'जाण्या'ची गोष्ट एकसारखी घडली आहे. हे कळल्यावर घोकंपट्टी संपत नाही, पण भीती संपते.

मोडलच्या बाबतीत तर नुकसान वर्गाबाहेर होतं. मुलांना शिकवलं जातं: 'कॅन' म्हणजे क्षमता, 'मे' म्हणजे शक्यता, 'शुड' म्हणजे कर्तव्य. जोड्या जुळल्या, गुण मिळाले. पुढे नोकरीत तो साहेबांना ईमेल लिहितो. मनात मराठी वाक्य असतं, 'आपण मला दोन दिवस रजा द्यावी'. हे 'द्यावी' केवढं नम्र आहे! त्याचं इंग्रजी होतं, 'यू शुड गिव्ह मी लीव्ह'. साहेबाला वाटतं, हा मला हुकूम सोडतोय. मुलगा उद्धट नव्हता. 'द्यावी'तली विनंती इंग्रजीत 'कुड यू' मध्ये जाते आणि 'द्यायला पाहिजे'तला आग्रह 'शुड'मध्ये, हे त्याला कुणी शेजारी शेजारी ठेवून दाखवलं नाही.

क्रियापदांच्या वर्गवारीला माझा विरोध नाही. वर्गवारी कशासाठी, हा प्रश्न आहे. ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज जपानमध्ये इंग्रजी शिकवत होता. शिकणाऱ्यांसाठी त्याने सहकाऱ्यांसोबत केलेला शब्दकोश १९४२ साली तिथेच निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने छापला. त्यात क्रियापदांची वर्गवारी होती, ती क्रियापदामागून काय येतं यावर. 'वाँट'मागे 'टू' येतो, 'एन्जॉय'मागे 'इंग' येतो. शिकणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. आणि आपल्या मुलाला हे परकं नाही. 'लागतं'च्या आधी 'जावं', 'येतं'च्या आधी 'जाता', 'शकतो'च्या आधी 'जाऊ'. 'जाता शकतो' असं कुठलंही मराठी मूल म्हणत नाही. प्रत्येक क्रियापद आपला जोडीदार निवडतं हे त्याला ठाऊक आहे. जिरंड आणि इन्फिनिटिव्ह ही या ओळखीच्या गोष्टीची नावं आहेत. ओळख आधी, नाव मागाहून.

यावर दोन बाजूंनी हल्ला होतो. एक बाजू म्हणते, मराठी आणली की मुलं भाषांतर करत बसतात. अहो, ती करतच आहेत. 'डिड नॉट केम' म्हणजे दुसरं काय? चोरून होणारं भाषांतर उघड्यावर आणा, म्हणजे ते तपासता येईल. दुसरी बाजू म्हणते, व्याकरणच नको, नुसतं बोलू द्या. ज्याच्या घरात इंग्रजी पुस्तकं, सिनेमे आणि इंग्रजी बोलणारी माणसं आहेत, त्याला हे लागू पडत असेल. ज्याच्या दिवसातलं सगळं इंग्रजी एका तासिकेत मावतं, त्याला वाक्य कसं बांधलं जातं हे दाखवावंच लागतं. ते नाकारणं म्हणजे त्याला पुढे भरमसाट फी भरून स्पीकिंग कोर्सला पाठवणं.

शिक्षकांवर सगळं ढकलणंही मला मान्य नाही. साठ मुलांचा वर्ग, संपवायचा पोर्शन आणि मध्येच येणारी निवडणुकीची ड्युटी. अशात 'प्रकार ओळखा' हा प्रश्न सगळ्यांच्या सोयीचा आहे: शिकवायला सोपा, तपासायला सोपा, गाईडमध्ये छापायला सोपा. म्हणून बदल प्रश्नपत्रिकेपासून व्हायला हवा. 'मोडल शोधा' काढा आणि 'मुख्याध्यापकांना हीच विनंती नम्रपणे लिहा' विचारा. 'क्रियापदाचा प्रकार सांगा' काढा आणि 'या मराठी वाक्याचं इंग्रजी करा, कुठे फरक पडला ते मराठीत लिहा' विचारा. परीक्षा बदलली की गाईड बदलेल, गाईड बदललं की तास बदलेल. आपल्याकडे क्रम हाच आहे, तो मान्य करून कामाला लागू.

आणि तुम्ही, ज्यांनी हे सगळं सोसून दहावी पार केली आणि आज फोनवर इंग्रजी मेसेज टाइप करून तीनदा पुसता, तुमच्यासाठी एवढंच. तुमचं इंग्रजी कच्चं राहिलं ते मराठीमुळे, असं तुम्हाला सांगितलं गेलं असेल. ते खोटं आहे. ज्या भाषेत तुम्ही 'चिंच खाल्ली' आणि 'येत नाहीस' न चुकता म्हणता, ती भाषा येणाऱ्या माणसाला क्रियापद म्हणजे काय ते आधीच कळलेलं असतं. आता कधी इंग्रजी वाक्य अडलं, तर आधी ते मराठीत मोठ्याने म्हणा आणि क्रियापदाचं शेपूट कुठे बसलंय ते बघा.