माठ वाजवून घेतो, मग गाडी का नाही?

बाजारात माठ घेताना आपण बोट मारून वाजवून बघतो. आवाज बद्द आला की तो माठ बाजूला. तांदळाचा दाणा दाताखाली धरतो, साडी उलटी करून बघतो, कोथिंबिरीची जुडी सोडून आतली पिवळी पानं शोधतो. दहा रुपयांच्या जुडीसाठी एवढी चिकित्सा! आणि घरात पाच-सात लाखांची जुनी गाडी लिलावातून येते, तेव्हा मात्र आपण आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या. चाकाखाली लिंबू ठेवायचं, बॉनेटवर स्वस्तिक काढायचं, झालं आपलं काम. मैत्रिणींनो, हे बदलायला हवं असं मला वाटतं.

आमच्या मुळशीत हा विषय आता चांगलाच घरात शिरलाय. पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी ताम्हिणीच्या रस्त्याला उभं राहा. पुण्याकडून येणाऱ्या, जमिनीला टेकलेल्या, गुरगुरणाऱ्या गाड्यांची रांग दिसेल. आमची पोरं त्या बघतात. नवी गाडी परवडणारी नाही, हे त्यांनाही कळतं. मग मोबाइलवर सापडतात बँकेने ओढून आणलेल्या, विमा कंपनीने काढून टाकलेल्या गाड्यांचे लिलाव. 'पन्नास लाखांची गाडी सहा लाखांत!' जमिनीच्या पैशाचं पुढे काय होतं, ते २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' चित्रपटाने सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. पण जमीन न विकलेल्या घरांतही हे वेड आहे. तिथे पैसा येतो तो बायकोच्या पाटल्यांतून, नाहीतर बचत गटाच्या कर्जातून.

मुळात लिलावातली किंमत म्हणजे काय, हे समजून घेऊ या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत १९५४ सालची एक फेरारी विकली गेली. १९६० च्या दशकात अपघात होऊन ती जळाली होती. उरला होता चेपलेला, गंजलेला सांगाडा. मिळाले किती? १८ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे आपले साधारण साडेपंधरा कोटी! त्याआधी २०१५ मध्ये पॅरिसला दुसऱ्या एका जुन्या फेरारीचा लिलाव झाला. ती फ्रान्समधल्या एका शेतघरात जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली धूळ खात पडली होती. तिला एक कोटी साठ लाख युरोंहून जास्त मिळाले, म्हणजे शंभर कोटींच्या वर.

वाचून वाटेल, की श्रीमंतांना वेड लागलंय. तसं नाही. ते गाडीची अवस्था विकत घेतच नव्हते. त्या जातीच्या गाड्या जगात मोजक्याच बनल्या होत्या. चेसिसवरचा नंबर खरा होता, कोणी चालवली, कुठल्या शर्यतीत धावली याची कागदोपत्री नोंद होती. पॅरिसची गाडी तर एके काळी अभिनेता अ‍ॅलन डेलॉनची होती. पैसे मोजले गेले ते नावाला, दुर्मीळपणाला आणि गोष्टीला. शिवाय ती गाडी पुन्हा उभी करायला लागणारे आणखी काही कोटी घेणाऱ्याच्या खिशात होते.

आपल्याकडचंही एक उदाहरण बघा. २०१५ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत दाऊद इब्राहिमच्या जप्त मालमत्तेचा लिलाव झाला. त्यात एक जुनी ह्युंदाई अ‍ॅक्सेंट ३२ हजारांना गेली. घेणाऱ्याने ती चालवली का? नाही. गाझियाबादला नेऊन जाहीरपणे जाळून टाकली! त्या ३२ हजारांचा गाडीच्या इंजिनाशी काय संबंध होता?

म्हणून मी म्हणते, लिलावातली किंमत ही हात वर करणाऱ्याच्या इच्छेची किंमत असते. गाडीची तब्येत ती सांगत नाही. किंमत भारी असली म्हणून गाडी ठणठणीत नसते, आणि स्वस्त मिळाली म्हणजे फायदाच झाला असंही नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच नाही केली.

लिलावाच्या कागदावर एक ओळ हमखास असते: 'जिथे आहे, जशी आहे' या तत्त्वावर विक्री. या चार शब्दांचा अर्थ एवढाच, की उद्या गिअर अडकला तर आमच्याकडे यायचं नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये नीरव मोदी प्रकरणात जप्त केलेल्या गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन लिलावात निघाल्या. त्यात रोल्स रॉइस होती, पोर्शे होती. बघायची मुभा होती, चालवून बघायची नव्हती. आणि उभी राहिलेली गाडी म्हणजे न उघडलेलं बंद घर. बॅटरी मरते, टायर एका बाजूने बसतात, रबरी नळ्या तडकतात, टाकीतलं पेट्रोल खराब होतं, उंदीर वायरी कुरतडतात. वरचा रंग मात्र चकचकीत!

दुसरा धोका पाण्याचा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हजारो गाड्या बुडाल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या पाऊणपटीच्या वर गेला, की विमा कंपनी ती गाडी 'टोटल लॉस' धरते आणि मालकाला पैसे देऊन गाडी भंगारात काढते. तीच गाडी धुऊनपुसून, सुगंधी बाटली लावून पुन्हा बाजारात येऊ शकते.

आमच्या भागातल्या एका गटातली ताई. मुलाने बँकेच्या लिलावातून जर्मन बनावटीची दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली. बाहेरून आयात झालेली, चौदा वर्षांची, साडेसहा लाखांना. अनामत भरायला ताईने गटातून पन्नास हजार उचलले. कागदावर कारण लिहिलं 'शेळीपालन'. गाडी वाजतगाजत आली, महिनाभर फिरली आणि गिअरबॉक्स गेला. दुरुस्तीचा अंदाज तीन लाखांच्या पुढे. आज गाडी ताडपत्रीखाली आहे आणि ताई दर महिन्याला हप्ता भरते, दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाऊन. मुलगा वाईट नाही हो. पण ताईला कोणी विचारलंच नव्हतं. आणि तिचा हप्ता चुकला तर त्याची झळ गटातल्या बाकीच्या नऊ बायकांना बसणार आहे.

खर्च तिथेच थांबत नाही. पुढच्या वर्षी त्या गाडीची पंधरा वर्षं भरतील. नोंदणी नव्याने करायला साध्या मोटारीला ५ हजार, पण आयात केलेल्या चारचाकीला ४० हजार शुल्क आहे. वीस वर्षं झाली की २०२५ च्या नियमाने हेच आकडे दुप्पट, १० हजार आणि ८० हजार. शिवाय पर्यावरण कर आणि तपासणी. 'जुनी झाली की व्हिंटेज म्हणून विकू' असं पोरं म्हणतात. पण २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. ती मिळाली, तरी अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही.

माझा छंदाला विरोध नाही. जुनी गाडी जीव लावून, एकेक भाग शोधून जिवंत ठेवणारी माणसं मला आवडतात. पण ते छंद आपल्या ऐपतीत करतात. माझं म्हणणं आहे ते दुसऱ्याच्या पाटल्यांवर होणाऱ्या हौसेबद्दल.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात लिलावाचा विषय निघाला की दोन आकडे वहीत लिहायला लावा: गाडीची किंमत आणि त्यानंतर दोन वर्षांचा खर्च. दुसरा आकडा लिहिता येत नसेल, तर बोली लावायची नाही. गाडी बघायला स्वतः जा, दिवसाउजेडी, आपल्या ओळखीचा मेकॅनिक घेऊन. पायाखालचं मॅटिंग उचला, चिखल दिसतो का बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, बुडालेल्या गाडीत त्याच्या टोकाला गाळाची रेघ सापडते. दार उघडून वास घ्या, ओल ओळखायला आपलं नाक पुरेसं आहे. इंजिन आणि चेसिसचे नंबर आरसी बुकाशी जुळवा. कर्जाचा बोजा, विमा आणि दंडाची चलनं सरकारी परिवहन साइटवर तपासा. जाहीर लिलावात घेतलेल्या गाडीसाठी आरटीओत फॉर्म ३२ भरावा लागतो, तीस दिवसांत. त्याची कागदपत्रं मिळणार का, हे आधीच विचारा.

आणि बचत गटाच्या बैठकीत कर्जाचं कारण विचारताना संकोच करू नका. 'शेळी कुठे बांधलीय, दाखव' असं म्हणण्यात कसला अपमान? पैसा आपल्या घामाचा आहे, आणि सहीही आपलीच असते. ज्या कागदावर आपली सही, त्या गाडीचं बॉनेट उघडून बघायचा हक्कही आपलाच.