गाळीची गाळणी

डिझेल कर्नाटकात किती आणि महाराष्ट्रात किती, हे सीमेवरच्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. टाकी कोगनोळीच्या अलीकडे भरायची की कागलला गेल्यावर, यावर आमच्या घरी जेवताना वाद होतात. पण दारातली जुनी पिकअप लिटरला किती जाते, हे विचारा. ‘देते की बारा-तेरा!’ मोजलंय कुणी?

माझा चुलतभाऊ निपाणी परिसरातली भाजी बेळगावच्या मार्केट यार्डात नेतो. गाडी जुनी, साध्या पंपाची, काँप्युटर नसलेली. तवंदीच्या चढाला ती दुसऱ्या गिअरवर येऊ लागली आणि मागं काळा धूर. वहिनींनी मलाच गाठलं. ‘भावजी, विकायची की दुरुस्त करायची, एकदा सांगा. नव्या गाडीचा हप्ता आणि पोरीची फी, दोन्ही नाही जमायचं.’

भावाच्या दोस्तांचा सल्ला ठरलेला, ‘पंप वाढवून घे.’ म्हणजे पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवायचा आणि डिझेल जास्त सोडायचं. चार दिवस गाडी पळाल्यासारखी वाटते, मग इंजिन तापतं आणि धुराच्या तपासणीत गाडी नापास होते. मेस्त्रींनी स्क्रूला हातच लावला नाही. म्हणाले, ‘होगे नोड्री. डिझेल साकष्टु ऐती, गाळी इल्ला.’

सगळं गणित त्यात आलं. डिझेल इंजिन आधी हवा ओढतं, ती इतकी दाबतं की ती भयंकर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते पेटतं. हवा कमी पडली तर डिझेल पुरतं जळत नाही, काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. काळा धूर म्हणजे आपण पैसे दिलेलं, पण कामाला न आलेलं डिझेल. कन्नडमधली ‘गाळी’ आणि मराठीतली ‘गाळणी’ यांचं नातं भाषापंडितांनी काय ते ठरवावं. आमच्या गाडीत गाळीची गाळणीच चोंदली होती. उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यावर धूळ किती उडते, ते तुम्हाला सांगायला नको. एअर फिल्टर कागदाचा असेल तर तो आपटून, जोराची हवा मारून पुन्हा पुन्हा वापरू नका. कागद फाटला की धूळ थेट लायनर-पिस्टन खाते. तेलाचा असेल तर भांड्यातलं तेल बदला.

नंतर नोझल काढून टेस्टिंगला दिले. फवारा धुक्यासारखा हवा. दोन नोझल चक्क ठिबकत होते. टॅपेट बसवले, डिझेल फिल्टर बदलला. मागचं चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं तर फिरेना, ब्रेक चिकटलेला. म्हणजे कित्येक महिने गाडी अर्धा ब्रेक दाबूनच घाट चढत होती! टायरमधली हवा तर कुणीच बघत नाही.

आधी साडेअकरा देणारी गाडी साडेबारावर आली. एकच किलोमीटर, असं म्हणू नका. जाऊन-येऊन 150 किलोमीटर आणि महिन्याला 25 खेपा धरल्या तर 26 लिटर डिझेल वाचतं. दोन राज्यांच्या दरातल्या फरकावर एवढं वाचवून दाखवा! आणि तवंदी आता तिसऱ्या गिअरवर चढते.

डिझेलच्या नळीला लावायचे लोहचुंबक, टाकीत ओतायच्या बाटल्या यांच्या नादी लागू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं, ईपीएनं, इंधन वाचवतात म्हणून विकली जाणारी शंभराहून अधिक साधनं तपासली. लक्षात यावा एवढा फायदा एकाचाही दिसला नाही.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणाऱ्यांना तर हात जोडतो. गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की असा पंप डिझेल तोडतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर. वंटमुरीच्या उतारावर भरल्या गाडीचे ब्रेक तापले तर काय होतं, ते हायवेवरच्या कुणालाही विचारा.

ॲव्हरेज मोजायचं तर टाकी काठोकाठ भरा, मीटरचा आकडा लिहा आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच भरा. हे काम घरातल्या शाळकरी पोराकडे द्या, वही नीट राहते.

एवढं करूनही धूर निळा येत असेल तर मात्र इंजिन ऑइल जाळतंय. मग फिल्टर-नोझलवर पैसे घालू नका. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या, इंजिनच्या कामाचा अंदाज कागदावर लिहून मागा, आणि तो गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर गिऱ्हाईक बघायला लागा.