पाय अडकवण्याआधी पाय सोडवायला शिका



एका रविवारी विहारातली वंदना आटोपून घरी आलो, तर आमच्या चाळीतल्या एक ताई मुलाला घेऊन दारात उभ्या. मुलाच्या मनगटाला पट्टी, कोपर सोललेले. ताई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "दादा, ही सायकल विकून टाका. मला माझं पोरगं पाहिजे, शर्यत नको."

मुलगा आय.टी.आय.ला शिकतो. सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने जुनी रेसिंग सायकल घेतली आहे. पहाटे उठून चाळीस किलोमीटर मारून येतो आणि मग वर्गाला जातो. एका शर्यतीत तो दहावा आला. पुढच्या नऊ जणांच्या पायांत कडक तळाचे, पायडलला अडकणारे बूट होते, हे त्याने बरोबर हेरले. ओळखीच्या एका जुन्या खेळाडूने आपली वापरलेली जोडी आठवडाभर वापरून बघायला दिली. तिसऱ्या दिवशी लाल सिग्नलला सायकल थांबली, पण पाय पायडलमधून सुटला नाही. पोरगा उभ्याचा आडवा झाला. मागच्या रिक्षावाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून आज हा लेख लिहितो आहे.

मी ताईंना म्हटले, "विकायचं ठरवू, पण आधी चूक कुठे झाली ते बघू." आमचे आयुष्य कारकुनीत गेले, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जाणकार मिस्त्रीला विचारले, शर्यतीतल्या मुलांना विचारले. जे समजले ते आपल्या घरातल्या मुलामुलींच्याही कामी येईल म्हणून सांगतो.

या पायडलला 'क्लिपलेस' म्हणतात. पाय तर पक्का अडकतो, मग क्लिपलेस कसे? कारण असे की, पूर्वी शर्यतवाले पायडलवर लोखंडी पिंजरा लावत आणि त्यात बूट घालून चामडी पट्टा आवळत. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. तो पिंजरा गेला म्हणून हे क्लिपलेस. फ्रान्सची 'लूक' कंपनी बर्फावर घसरण्याच्या स्कीला बूट अडकवण्याचे खटके बनवत असे. तीच युक्ती तिने १९८४ साली सायकलला आणली आणि १९८५ साली बर्नार्ड इनो याने असे पायडल वापरून टूर द फ्रान्स जिंकली. बुटाच्या तळाला क्लीट नावाची छोटी पट्टी स्क्रूने बसवायची. पाय दाबला की ती पायडलच्या खटक्यात बसते. टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटते. पाय वर ओढून सुटत नाही. घाबरलेला माणूस मात्र नेमका वरच ओढतो. आमच्या मुलाने तेच केले.

आता पहिला प्रश्न: हे घ्यायलाच हवे का? कामावर, शाळेत, बाजारात जाण्यासाठी सायकल वापरत असाल तर मुळीच नको. साधे रुंद पायडल आणि घट्ट बसणारे बूट पुरेत. पाय वर खेचून फुकटचा वेग मिळतो असे कुणी सांगितले, तर फार भुलू नका. खरा फायदा एवढाच, की जोरात पाय फिरवताना, खडबडीत रस्त्यावर किंवा शेवटच्या धावेत पाय घसरत नाही आणि दर वेळी एकाच जागी पडतो. शर्यतीत भाग घेणाऱ्याला तेवढे मोलाचे आहे.

दुसरा प्रश्न: कोणते घ्यावे? मुख्य जाती दोन. एकीत क्लीट मोठी, बहुधा प्लॅस्टिकची, तीन स्क्रूंची. लूक कंपनीची 'केओ' आणि शिमानोची 'एसपीडी-एसएल' या त्या जातीच्या. दिसायला दोन्ही सारख्या, पण एकीची क्लीट दुसरीच्या पायडलला बसत नाही. क्लीट तळाबाहेर असते, त्यामुळे चालताना बदकासारखे चालावे लागते, फरशीवर पाय घसरतो आणि चालून चालून क्लीट झिजते. पायडलला एकच बाजू असते, त्यामुळे गर्दीत ते पायाने सरळ करून मग अडकवावे लागते. आमच्या मुलाला मिळाली होती ती हीच जात.

दुसरी जात दोन स्क्रूंची. शिमानोने १९९० साली आणलेली 'एसपीडी' ही तिच्यातली सर्वांत माहितीची. क्लीट लहान आणि लोखंडी. ती रबरी तळाच्या खोबणीत दडलेली असते, म्हणून त्याच बुटाने जिना चढता येतो, सायकल खांद्यावर घेता येते. बहुतेक पायडलना दोन्ही बाजूंनी खटका असतो. काहींना एका बाजूला खटका आणि दुसरी बाजू सपाट असते. तीवर चप्पल घालूनही सायकल चालते. या जातीत 'एसएच ५६' नावाची क्लीट मिळते. ती टाच वळवून तर सुटतेच, शिवाय जोराने इतर दिशांनी ओढली तरी सुटते. शेवटच्या धावेत ती चुकून सुटू शकते, पण शिकणाऱ्याला तीच बरी.

दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने महागडी तीन स्क्रूंचीच जोडी पुढे केली. "सगळे चॅम्पियन हीच घेतात," म्हणाला. मुलाचे डोळे चमकले. मी म्हटले, "चॅम्पियन सिग्नलला थांबत नाहीत, तू थांबतोस." पहिली जोडी घेताना पाय किती पक्का बसतो हे नंतर बघा, किती सहज सुटतो ते आधी बघा.

खर्चाचे म्हणाल तर पायडलपेक्षा बुटांना पैसे जास्त लागतात. म्हणून बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, मोजे घालून बघावेत. टाच उचलली जाऊ नये, बोटे दबू नयेत. तळाला दोन छिद्रे आहेत की तीन, ते पायडलशी जुळवावे. शिमानोच्या पायडलबरोबर क्लीट खोक्यातच येते, ती वेगळी विकत घेऊ नये. सायकलच्या क्रँकचे आटे बघावेत: बहुतेक सायकलींना ९/१६ इंची लागतात, काहींना अर्धा इंची. आणि ध्यानात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जोर लावून आटे मोडलेली सायकल मी पाहिली आहे.

क्लीट बसवताना अंगठ्यामागचा पायाचा फुगीर भाग पायडलच्या दांड्यावर यावा आणि पाय तुमच्या चालण्यात जसा पडतो तसाच राहावा. तिरका बसला तर गुडघा दुखतो. दुखले तर सहन करू नये, क्लीट फिरवून बघावी.

राहिला खटक्याचा ताण. पायडलवर छोटा स्क्रू असतो, तो बारीक षटकोनी चावीने सैल किंवा घट्ट होतो. सुरुवातीला सगळ्यात सैल ठेवा. इथे मला विनयपिटकातल्या महावग्गामधली सोण कोळिविसाची गोष्ट आठवते. हा श्रीमंताघरचा, कोमल पायांचा भिक्खू. चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. भगवंतांनी त्याला विचारले, वीणेची तार फार ताणली किंवा फार ढिली सोडली तर ती नीट वाजते का? पुढे भगवंतांनी त्याला एका तळाच्या वहाणा वापरायला अनुमती दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नकोत; संघाला अनुमती असेल तर मीही वापरीन. तेव्हा ती सगळ्या संघाला मिळाली.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. आपल्या किती आजोबांना गावात वहाणा हातात घेऊन चालावे लागले! त्यांची नातवंडे आज शर्यतीचे बूट मागताहेत, तर ती चैन म्हणून उडवून लावू नये. पण एका घराला तो भार पेलत नाही. आमच्या मंडळाने दोन स्क्रूंच्या पायडलची एक जोडी घेतली. वस्तीतली तीन मुले ती आळीपाळीने वापरतात. बूट ज्याचे त्याने घ्यायचे.

नियम मात्र ताईंनी घातला. चाळीच्या भिंतीला हात टेकून प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवायचा आणि सोडवायचा. मग मैदानात, मग पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर. थांबायचे असेल तर ब्रेक दाबण्याआधी एक पाय मोकळा, आणि हेल्मेटशिवाय सायकल दाराबाहेर नाही. पहिल्या दिवशी ताई स्वतः जिन्यात बसून मोजत होत्या. पोरगा अठ्ठेचाळीसला थांबला, तर म्हणाल्या, "अजून दोन राहिले."

सायकल विकली नाही. पुढच्या शर्यतीत तो कितवा येतो ते बघू. सिग्नलला तो दोन्ही पायांवर उभा दिसला, एवढ्यावर सध्या आम्ही खूश आहोत.

जयभीम, नमो बुद्धाय!