शनिवारची सुट्टी मिळेल का?



आमच्या शिवाजीनगरमध्ये शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे नुसता गोंधळ. रसेल मार्केटसमोर फळवाल्यांच्या आरोळ्या, बस स्टँडवर ढकलाढकली, कमर्शियल स्ट्रीटकडे निघालेल्या बायकांच्या पिशव्या. या सगळ्यात आमच्या दोन खोल्यांच्या घरात मात्र एक गोष्ट दर आठवड्याला ठरल्याप्रमाणे होते. साडेपाचला माझ्या रूममेटच्या फोनचा अलार्म वाजतो. ती लॅपटॉप बंद करते, फोन कपाटात ठेवते, काचेच्या ग्लासात पाणी आणि वर तेल ओतून वात लावते. सूर्य मावळायच्या आत दिवा लागलाच पाहिजे. मग काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत ती समोर ठेवते आणि प्रार्थना म्हणते.

ती ठाण्याची. मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलते, उकडीचे मोदक माझ्यापेक्षा छान करते, आणि ती ज्यू आहे. बेने इस्रायल. म्हणजे कोकणातले आपले मराठी ज्यू.

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री आकाशात तारे दिसेपर्यंत तिचा शब्बाथ असतो. या वेळात काम नाही. काम म्हणजे फक्त ऑफिस नाही हं! आग पेटवायची नाही, म्हणून विजेचं बटणही दाबायचं नाही. लिहायचं नाही, पैशांचा व्यवहार नाही, गाडीत बसायचं नाही. त्यांच्या धर्मशास्त्रात अशा कामांचे 39 प्रकार सांगितले आहेत. सगळेच ज्यू हे सगळं पाळतात असं नाही. तिच्या स्वतःच्या घरातही पाळत नव्हते. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून पाळायला लागली.

आता तुम्ही म्हणाल, आठवड्यातून एक दिवस आराम, मग यात अडचण काय? अडचण मार्चमध्ये आली. तिच्या हातात एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या आल्या.

पहिली नोकरी मोठ्या कंपनीत, पगार महिन्याला अठरा हजारांनी जास्त. पण सपोर्ट टीम, म्हणजे शिफ्ट फिरती. महिन्यातले दोन-तीन शनिवार कामाचे. दुसरी कंपनी लहान, पाच दिवसांचा आठवडा, पण शुक्रवारी संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायची तिथे सगळ्यांना सवय.

तिने वडिलांना फोन केला. मी शेजारीच भाजी चिरत होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"पप्पा, मी काय करू?"

"अगं, घराचे हप्ते अजून सहा वर्षं आहेत. मी तीस वर्षं शनिवारी कारखान्यात गेलो. म्हणून मी काय ज्यू राहिलो नाही?"

ती काहीच बोलली नाही. काय बोलणार? वडील खोटं बोलत नव्हते. त्यांच्या त्या तीस वर्षांच्या शनिवारांवरच तर तिचं इंजिनीअरिंग झालं होतं.

शनिवार तेली

त्या रात्री मी माझ्या आजीला फोन केला. आजी पेणची. तिला म्हटलं, माझी रूममेट शनिवारी काम करत नाही. आजी लगेच म्हणाली, "अगो, म्हणजे शनिवार तेली!"

हे नाव तुमच्यापैकी कोकणातल्या मंडळींनी ऐकलं असेल. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचाच हा सगळा वंश, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरेने चालत आलेली कथा आहे. हे लोक गावोगाव पांगले आणि ज्या गावात राहिले त्या गावाचं नाव लावू लागले. पेणकर, दिवेकर, नागावकर, राजपूरकर, किहीमकर. त्यांच्यातल्या अनेकांचा धंदा होता तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली.

मी आधी याकडे एक गंमत म्हणून बघायचे. आता विचार केला तेव्हा वाटलं, यात करिअरचा केवढा मोठा धडा आहे! त्यांचे धर्मग्रंथ हाताशी नव्हते, हिब्रू जवळजवळ विसरली होती. पण शनिवार विसरले नाहीत. आणि तो सांभाळता आला, कारण घाणा घरचा होता. बैल कधी जुंपायचा आणि कधी सोडायचा हे मालक ठरवणार, आणि मालक ते स्वतः. गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं, की तेल शुक्रवारीच आणून ठेवायचं.

मग इंग्रजांच्या काळात नोकरी आली. पगार आला, पेन्शन आली, मुलांना शाळा मिळाली. बेने इस्रायल तरुण मोठ्या संख्येने कंपनीच्या फौजेत गेले. त्यातले एक सॅम्युएल इझिकेल दिवेकर. इथे म्हैसूर राज्यात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले, सुटून परत गेले आणि 1796 मध्ये त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. बंगळुरूशीही हे नातं आहे. मागडी रोडवर ज्यू दफनभूमी आहे. तिची जागा 1904 मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी दिली. तिथे सुभेदार सॅम्युएल नागावकर यांची कबर आहे. नागावचा माणूस, सुभेदार झाला आणि इथे विसावला! आणि आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कमर्शियल स्ट्रीटवर, रुबेन मोझेस या बगदादी ज्यू व्यापाऱ्याचं बुटांचं मोठं दुकान होतं.

फौज असो, रेल्वे असो की कचेरी, नोकरीत प्रगती झाली, पण दिवस मात्र साहेबाच्या हातात गेला. साहेबाची सुट्टी रविवारी. माझ्या मैत्रिणीचे पप्पा याच रस्त्यावरून पुढे आलेले. त्यांना दोष कसा देणार?

मग ज्यू माणसाने डॉक्टर व्हायचंच नाही का?

हा प्रश्न मी तिला खरंच विचारला. पेशंट काय शनिवार बघून आजारी पडतो?

ती हसली. म्हणाली, "जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचाच. परवानगी नाही, ते कर्तव्यच आहे." म्हणजे बघा, नियम कडक वाटतो, पण त्याच्या आतच माणसाच्या जिवाला पहिली जागा दिलेली आहे.

आणि उदाहरण तर आपल्या कर्नाटकातलंच. डॉ. जेरुशा झिराड. जन्म 1890, शिवमोग्गा. बेने इस्रायल घरातली मुलगी, लंडनला जाऊन स्त्रीरोगशास्त्र शिकली, परत येऊन बंगळुरूच्या प्रसूती रुग्णालयातही काम केलं आणि पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली. 1966 मध्ये पद्मश्री मिळाली. बाळंतपण शनिवारी आलं म्हणून थांबत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! पण त्यांनी धर्मही सोडला नाही. मुंबईत 1925 मध्ये ज्यूइश रिलिजियस युनियन सुरू करण्यात त्याच पुढे होत्या.

मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं. निस्सीम इझिकेल यांच्या कविता आम्हाला होत्या. तेही बेने इस्रायलच, पेशाने प्राध्यापक. त्यांचं नाव पाठ करताना मला हे माहीत नव्हतं. तेलाचा घाणा, फौज, दवाखाना, कॉलेज. एकच समाज आणि केवढे वेगवेगळे रस्ते!

निवडताना काय बघायचं?

तिने आणि मी वहीत एक यादी केली (अर्थात रविवारी!). तुमच्या घरात कोणी ज्यू नसेल, तरी रोजे, पर्युषण किंवा आषाढीची वारी असेलच. ही यादी तुम्हालाही उपयोगी पडेल.

1. आठवड्याची रचना विचारा. "पाच दिवस" म्हणजे नेमके कोणते पाच? बँकांना 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी आहे, पण बाकीचे शनिवार कामाचे. अनेक शाळांना शनिवारी अर्धा दिवस असतो. म्हणजे "बँक आणि शिक्षकी सुरक्षित" हा आपला जुना सल्ला इथे चालत नाही.

2. संध्याकाळ विचारा. तिच्यासाठी शनिवारइतकाच शुक्रवार महत्त्वाचा. हिवाळ्यात बंगळुरूत सहाच्या आसपास सूर्य मावळतो. साडेसहाची मीटिंग म्हणजे शब्बाथ मोडला.

3. सणांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच द्या. ज्यू सण आपल्यासारखेच तिथीने येतात, दरवर्षी तारीख बदलते. 2025 मध्ये योम किप्पुरचा मोठा उपवास 2 ऑक्टोबरला आला. त्या दिवशी गांधी जयंती आणि दसरा, त्यामुळे रजाच लागली नाही. 2026 मध्ये तोच उपवास 21 सप्टेंबरला, सोमवारी आहे. रजा घ्यावीच लागणार.

4. ताटातलं बघा. ती कोळंबी खात नाही, मटणाबरोबर दूध-दही खात नाही. घरी नारळाच्या दुधावर सगळं भागतं. पण हॉटेल मॅनेजमेंट घेतलं असतं तर? प्रत्येक पदार्थ चाखणं हेच तर शेफचं काम! सतत फिरतीच्या नोकरीतही जेवणाचा हाच प्रश्न.

5. बदल्यात काय देता येईल ते आधी ठरवा. नुसतं "मला सुट्टी हवी" म्हटलं की समोरच्याला ओझं वाटतं.

ती एक ओळ

शेवटी दोन्ही कंपन्यांना ईमेल लिहायची वेळ आली. मी कंटेंट रायटर, म्हणून ड्राफ्ट माझ्याकडे आला. तिने लिहिलं होतं, "सॉरी, पण माझी एक वैयक्तिक अडचण आहे..."

मी म्हटलं, "अगं, सॉरी कशाला? आणि अडचण कुठली?"

आम्ही सॉरी काढलं, अडचण काढली. त्याजागी सरळ लिहिलं: मी शब्बाथ पाळते. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत मी काम करू शकत नाही आणि फोनवरही नसेन. त्याऐवजी मी रविवारी, दिवाळीत आणि गणपतीत ड्युटी करायला तयार आहे.

मोठ्या कंपनीचं दोन दिवसांनी उत्तर आलं. सौजन्याने लिहिलेलं, पण नाहीच. लहान कंपनीच्या मॅनेजरचा थेट फोन आला. त्यांनी एकच विचारलं, "दिवाळीत नक्की येशील ना? दरवर्षी कोणीच मिळत नाही!"

महिन्याला अठरा हजार कमी, म्हणजे सहा वर्षांत तेरा लाखांच्या आसपास. हा आकडा तिने वहीत लिहिला होता आणि त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. मी खोटं सांगणार नाही, तो आकडा बघून माझ्याही पोटात गोळा आला. त्या रात्री ती झोपली नाही. सकाळी तिने लहान कंपनीला होकार कळवला आणि मग पप्पांना फोन केला. हप्त्यातला आपला वाटा कसा देणार, कुठला खर्च कमी करणार, सगळं मांडून दाखवलं. पप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला त्या वेळी विचारायचं सुचलंच नाही गं. विचारलं असतं तर कदाचित मिळालीही असती सुट्टी."

फोन ठेवल्यावर ती रडली. मीही.

आता तिला तिथे पाच महिने झालेत. सगळं गोड आहे असं नाही. एका शुक्रवारी काम अर्धवट ठेवून निघाली म्हणून सोमवारी बोलणी खाल्ली. घराच्या हप्त्यामुळे नवा फोन लांबणीवर पडला. पण तिचे पप्पा आता दर शुक्रवारी दुपारी तिला मेसेज करतात, "दिवा लावायला विसरू नको."

आणि मी? मी रात्री अकरालाही क्लायंटच्या मेसेजला "हो, करते" म्हणून उत्तर देणारी मुलगी. मला कोणी विचारलं, तुझा असा कोणता वेळ आहे जो तू विकणार नाहीस, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सध्या मी शुक्रवारी सात ते नऊ फोन तिच्या कपाटात ठेवते. फक्त दोन तास. पहिल्या दिवशी हात सारखे खिशाकडे जात होते!

तुमच्या घरातलं कोणी यंदा करिअर निवडत असेल तर पगार विचाराच, प्रमोशनही विचारा. पण सोबत हेही विचारा, की माझा कोणता दिवस, कोणती संध्याकाळ माझी राहील? आणि हो, विचारताना सॉरी म्हणू नका.

भेटूया पुढच्या महिन्यात. तोपर्यंत, तुम्ही नोकरीसाठी काय सोडलंत आणि काय सोडलं नाहीत, मला नक्की कळवा. आजी-आजोबांनाही विचारा बरं का, त्यांच्याकडे सगळ्यात भारी गोष्टी असतात!