हळदीचे पेटंट आणि कोरफडीचा गर

भाजल्यावर हळद लावावी, हा सल्ला घरोघरी मिळतो आणि हल्ली त्याला पेटंटचा दाखलाही जोडला जातो. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या भारतीय संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पण त्यातून ठरले ते एवढेच, की हा वापर भारतात जुना आहे. तो किती गुणकारी, हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच. जुनेपणाचा पुरावा गुणाचा म्हणून खपवणे ही निव्वळ हातचलाखी.

भाजणे किती खोल आहे, याचा अंदाज डॉक्टर कातडीच्या रंगावरून बांधतात. ओली गुलाबी कातडी एक सांगते, पांढरट कोरडी दुसरेच. हळदीखाली दोन्ही सारख्याच पिवळ्या. मग ती धुऊन, प्रसंगी खरवडून काढावी लागते आणि रुग्ण कळवळतो. शिवाय मिसळणाच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते. पहिला उपाय नळाखालचे वाहते गार पाणी, तेही वीस मिनिटे. बाकी सगळे त्यानंतर.

म्हणून वनस्पतींना हद्दपार करावे, असेही नाही. ज्या सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम वर्षानुवर्षे सर्रास वापरले गेले, त्याने नवी त्वचा धरायला उशीर होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. उलट कोरफडीवरील चाचण्यांच्या २००७ मधील आढाव्यात उथळ जखमा सुमारे नऊ दिवस आधी भरल्याचे आढळले. चाचण्या मोजक्याच होत्या आणि प्रत्येकीत कोरफडीचे रूप वेगळे होते, हे मात्र लपवू नये.

हे रूपच कळीचे. कोरफडीचे पान कापून उभे धरले, की सालीलगतून पिवळा, कडू चीक ओघळतो. काळा बोळ बनतो तो याच चिकाचा. तो त्वचेला झोंबतो. उपयोगाचा आहे तो आतला पारदर्शक, बुळबुळीत गर. कुंडीतले पान मोडून जखमेवर चोळले, तर दोन्ही एकदमच लागतात, वर धूळ. शुद्ध केलेल्या, ठरावीक प्रमाणाच्या जेलची आणि या पानाची गणना एकाच औषधात करता येत नाही.

खोल भाजल्यावर मात्र कोणताही अर्क हतबल ठरतो, कारण नवी त्वचा जिथून उगवायची तो थरच उरलेला नसतो. तिथे दुसरीकडची कातडी काढून लावावी लागते. ती जिथून काढली, त्या जागेवर मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेले केळीचे पान बांधून पाहिले. २००३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एरवी तिथे बांधायची व्हॅसलिनची जाळी सोडवताना रुग्णांना वेदना होत. पान गुळगुळीत असल्याने चिकटतच नव्हते. त्यात अर्क असा काहीच नव्हता.