जमिनीवरची तीन वर्षे

अपघात झाला होता, वाग्दत्त वधूच्या घरच्यांना वैमानिक जावई नको होता. म्हणून आंत्वान द सेंत-एक्झुपेरीने १९२३ साली उड्डाण सोडले. तो कौलांच्या कारखान्याच्या कचेरीत बसला, पुढे मालमोटारी विकू लागला. ही तीन वर्षे आपण लेखकाचा बंदिवास म्हणून वाचतो. या वाचनाला आमचा विरोध आहे.

त्याची पहिली कथा एप्रिल १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली. टपालविमानांच्या कंपनीत तो त्यानंतर रुजू झाला. म्हणजे ज्यांना आपण वाया गेलेली समजतो, त्याच वर्षांनी लेखक घडवला.

‘व्हॉल द न्युई’ (१९३१) शिकवताना रिव्हिएरच्या कठोर कर्तव्यनिष्ठेवर आम्हीही तासन्‌तास बोललो. कचेरीत येऊन थांबलेल्या फाबिअँच्या पत्नीवर जेमतेम दोन वाक्ये. मेर्मोझ १९३६ साली परतला नाही, गियोमे १९४० साली, स्वतः सेंत-एक्झुपेरी १९४४ साली.

बांधलेला पगार आणि घरी परतण्याची ठरलेली वेळ मागणाऱ्या वैमानिकाला पळपुटा ठरवणारी समीक्षा दुसऱ्याच्या जिवावर उदात्त होते. तीही निवृत्तिवेतनाची हमी असलेल्या आमच्यासारख्यांच्या खुर्चीतून! त्या पत्नीची बाजू आता तरी वर्गात मांडू या.